कोनाडा कुणी कोरला?

या दिवाळीत गावी गेलो तेव्हा भाचीने वही पुढे केली. ती अंबाजोगाईला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. वहीत पट्टीने आखलेले तीन रकाने होते : आवड, माहिती, पैसा. तिला चॅनल सुरू करायचं आहे. "मामा, सगळे सांगतात की आधी नीश ठरवा. तुम्ही लिहिता-बिहिता, तर तुम्हीच सांगा, मी नीश कोणता घेऊ?"

आवडीच्या रकान्यात चार गोष्टी होत्या : मेकअप, प्रवास, मोटिव्हेशन, अभ्यास कसा करावा. मी तिला विचारलं, "प्रवास? तू कुठं कुठं गेलीस?" ती म्हणाली, "तुळजापूर, पंढरपूर, आणि एकदा पुण्याला, ताईच्या बाळंतपणाला." मग जरा थांबून म्हणाली, "पण आवडेल ना मला."

तिचं हे "आवडेल ना" डोक्यातून गेलं नाही. प्रवास तिच्या आवडीचा आहे की नाही, हे तिला माहीत असायचं कारणच नव्हतं. मोबाईलवर लोक ज्या गोष्टी आवडतात म्हणून सांगतात, त्यातल्या चार तिने उतरवून घेतल्या होत्या. आणि तिला मिळालेला सल्ला असा, की तू तुझ्या खऱ्या आवडीचा विषय निवड, म्हणजे टिकशील.

हा सल्ला आता इतक्या वेळा दिला जातो की तो साहित्यप्रकारच झाला आहे. त्याचे ठराविक प्रसंग आहेत (नोकरी सोडली, पहिले सहा महिने कुणी पाहिलं नाही, मग एक व्हिडिओ चालला), ठराविक नायक आहे, ठराविक तात्पर्य आहे. एखाद्या कवितासंग्रहाची करतो तशी त्याची समीक्षा करायला हवी. हजारो तरुण मुलं कवितासंग्रह वाचत नाहीत, हा सल्ला मात्र वाचतात आणि त्यावर आयुष्याची दोन-तीन वर्षं लावतात.

शब्दाची गोष्ट

'नीश' हा मुळात फ्रेंच शब्द. भिंतीत मूर्ती ठेवण्यासाठी केलेली खोलगट जागा, असा त्याचा अर्थ. म्हणजे आपला कोनाडा, आपली देवळी. मराठवाड्यातल्या जुन्या मातीच्या आणि दगडी घरांत कोनाडे असायचे. दिवा, तेलाची बाटली, फणी, पोथी, ज्याची त्याची जागा ठरलेली. कोनाडा भिंत बांधतानाच ठेवावा लागतो. घर उभं राहिल्यावर भिंत फोडून केलेला कोनाडा चांगला दिसत नाही, आणि भिंतही कमकुवत होते.

१९१७ साली जोसेफ ग्रिनेल या अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञाने कॅलिफोर्नियातल्या थ्रॅशर नावाच्या पक्ष्यावर लिहिताना हा शब्द वापरला. हा पक्षी दाट झुडपांतच का राहतो, जमिनीवर उडण्यापेक्षा पळतो का, त्याचा रंग, त्याचं खाणं, या सगळ्याचा त्या झुडपांशी असलेला संबंध म्हणजे त्याचा नीश. पुढे १९३४ मध्ये रशियन शास्त्रज्ञ गाउजे याने प्रयोगांतून दाखवलं की अगदी एकाच प्रकारच्या अन्नावर आणि जागेवर अवलंबून असलेल्या दोन जाती एकत्र फार काळ टिकत नाहीत, एक दुसरीला हटवते. बाजारवाल्यांनी हा शब्द उचलला तो बहुधा या दुसऱ्या अर्थाने : जिथं स्पर्धा कमी, तिथं जाऊन बसा.

ग्रिनेलच्या पक्ष्याने झुडपं निवडली नव्हती. पिढ्यान्पिढ्या झुडपांत राहून त्याचे पाय, त्याची शेपटी, त्याची चोच तशी झाली. जीवशास्त्रात नीश म्हणजे नातं. सल्ल्याच्या पुस्तकात मात्र तो रिकाम्या फ्लॅटसारखा होतो. यादी बघायची, परवडतो तो घ्यायचा, आवडला नाही तर बदलायचा.

या बदलामागे थोडा इतिहास आहे. २००४ मध्ये क्रिस अँडरसनने 'लाँग टेल'ची कल्पना मांडली. दुकानाच्या फळीवर जागा मर्यादित असते म्हणून तिथं फक्त खपणारा माल राहतो. इंटरनेटवर फळीच नाही, तेव्हा थोड्यांच्या आवडीच्या असंख्य वस्तूही मिळून मोठा बाजार होतो. २००८ मध्ये केविन केलीने 'हजार खरे चाहते' हा निबंध लिहिला. कलावंताला लाखो लोक लागत नाहीत, त्याचं सगळं विकत घेणारे हजार चाहते पोटापुरते पुरेत, असं त्याचं म्हणणं. दोन्ही कल्पना उदार होत्या. कुणालाही, कुठल्याही विषयाला जागा आहे, असं त्या सांगत होत्या. पण पुढे प्लॅटफॉर्म आले आणि त्यांनी फळी पुन्हा बसवली. २०१८ मध्ये यूट्यूबने जाहिरातीचे पैसे मिळायला हजार सबस्क्रायबर आणि वर्षभरात चार हजार तास पाहिलं जाण्याची अट घातली. केलीचे हजार चाहते काहीतरी विकत घेणारे होते. इथले हजार नुसते उंबरठ्यावरचे. त्यांच्यानंतर खरी रांग सुरू होते, आणि ती रांग कुणाला पुढे घेते हे चाहते ठरवत नाहीत.

गोडी लागते

सल्ल्याचं दुसरं गृहीतक जास्त खोल आहे. आवड ही माणसाच्या आत आधीपासून असते, फक्त शोधायची बाकी असते, असं तो धरून चालतो.

आपली भाषा तसं धरून चालत नाही. 'आवड असते' असं आपण म्हणतो, पण त्यापुढच्या पायऱ्यांना वेगळं क्रियापद आहे. गोडी *लागते*. नाद *लागतो*. वेड *लागतं*. लागणं ही बाहेरून येऊन चिकटणारी गोष्ट आहे, जसा चटका लागतो, जशी ओल लागते. आणि गोडी *लावता* येते. एखाद्या मास्तरांनी गणिताची गोडी लावली असं आपण कृतज्ञतेने सांगतो. म्हणजे मराठीत आवडीच्या मागे बहुधा दुसरं माणूस उभं असतं.

मानसशास्त्रही साधारण हेच सांगतं. सुझॅन हायडी आणि अ‍ॅन रेनिंजर यांनी २००६ मध्ये आवडीच्या चार पायऱ्या मांडल्या. आधी एखाद्या प्रसंगाने कुतूहल चाळवतं. मग परिस्थितीने साथ दिली तर ते काही काळ टिकतं. मग माणूस स्वतःहून त्याकडे वळू लागतो. आणि बऱ्याच काळाने ती पक्की, स्वतःची आवड होते. पहिल्या दोन पायऱ्यांवर आधार लागतो तो बाहेरचा : माणसं, साधनं, वेळ. २०१८ मध्ये ओकीफ, ड्वेक आणि वॉल्टन यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. आवड ही आत तयारच असते असं मानणारी माणसं आपल्या विषयाबाहेरच्या गोष्टींत कमी रस घेतात, आणि आवडलेला विषय अवघड झाला की लवकर सोडतात. कारण त्यांना वाटतं, खरी आवड असती तर इतकं जड गेलं नसतं.

म्हणजे 'खरी आवड शोध' हा सल्ला ज्याला दिला, त्याने तो मनापासून मानला तर पहिल्याच अवघड वळणावर तो विषय सोडण्याची शक्यता वाढते. हा सल्ला स्वतःचाच पाय कापतो.

आता या पायऱ्या घेऊन बीड जिल्ह्यात येऊ. अकरा तालुके, मधून गेलेली बालाघाटची रांग, आणि दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन बाहेर पडणारी लाखो माणसं. मुकादमाची उचल घेतलेली असते, ती फेडेपर्यंत पश्चिम महाराष्ट्रात नाही तर कर्नाटकात फडावर राहायचं. परतायचं ते पाडव्याच्या आगेमागे. मागे राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहं असतात, पण कितीतरी मुलं आईबापाबरोबर जातात. अशा मुलीला ऑगस्टमध्ये एखाद्या बाईंनी आकाशातले तारे दाखवून गोडी लावली, तर नोव्हेंबरमध्ये त्या बाई नसतात, शाळा नसते, वही कुठल्यातरी कोपीत भिजलेली असते. कुतूहल चाळवायला गरिबी आडवी येत नाही. दुसऱ्या पायरीवर, ते टिकवताना मात्र येते. अशा मुलीला पुढे कुणी विचारलं, "तुझी खरी आवड काय?", तर तिचं गप्प राहणं हे आवड नसल्याचं लक्षण नव्हे. तिच्याकडे अर्ध्यात तुटलेल्या पाच-सात सुरुवाती असतात, आणि त्यांना नाव नसतं.

फोन मात्र आला. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ सुरू झालं आणि दोन-तीन वर्षांत टिकटॉक फडापर्यंत पोचलं. कोपीसमोर नाचणारी, ट्रॅक्टरवर संवाद म्हणणारी माणसं दिसू लागली. त्यात विषय, नीश वगैरे काही नव्हतं, हौस होती. २९ जून २०२० ला ५९ चिनी अ‍ॅपवर बंदी आली त्यात टिकटॉकही गेलं. त्यानंतरच्या रील्सच्या काळात हौशीला कुणी हौस म्हणून राहू देत नाही. 'तुझा नीश काय' हा प्रश्न तिच्या मागे लागतो.

आधीच कोरून ठेवलेला कोनाडा

बीडच्या माणसासाठी एक कोनाडा आधीच तयार आहे, हे सल्ला देणारे कधी सांगत नाहीत. गाउजेचा नियम इथं उलटा चालतो. या कोनाड्यात कितीही जण आले तरी जागा आहे, फक्त त्याच्याबाहेर उभं राहायला जागा नाही.

तो कोनाडा म्हणजे दुष्काळ, ऊसतोड, गुन्हेगारी. २०१९ मध्ये राज्य सरकारने नेमलेल्या समितीच्या पाहणीत जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. हा आकडा जगाला कळायलाच हवा होता. ९ डिसेंबर २०२४ ला मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली, तिच्याबद्दल बोललं गेलं ते योग्यच झालं. पण या आकड्यांनी आणि घटनांनी बाहेरच्या प्रेक्षकाला बीडकडे बघायची एक सवय लावली. बीडची मुलगी कॅमेऱ्यासमोर आली की त्याला तिच्याकडून व्यथा हवी असते. ती ताऱ्यांबद्दल बोलू लागली तर तो म्हणतो, छान आहे, पण तुझी स्वतःची गोष्ट सांग.

साहित्यात हे आपण आधी पाहिलं आहे. ग्रामीण लेखकाकडून दुष्काळाची आणि दलित लेखकाकडून आत्मकथनाचीच मागणी करायची, आणि त्याला 'अस्सल अनुभव' म्हणायचं. त्या आत्मकथनांनी मराठीचं काय केलं ते सांगायची गरज नाही. पण त्यांच्यामागून आलेल्या कितीतरी लेखकांना आपल्या प्रेमकवितेसाठी, विज्ञानकथेसाठी, विनोदासाठी वाचक मिळवताना किती झगडावं लागलं, तेही आपल्याला माहीत आहे. 'खरी आवड' हा 'अस्सल अनुभवा'चा धाकटा भाऊ आहे. दोघांचंही ऐकायला गोड वाटतं, आणि दोघंही माणसाला त्याच्या जन्मगावी नेऊन बांधतात.

दुसऱ्या बाजूचा आक्षेपही घ्यायला हवा. सगळं खोटंच असतं असं नाही. मस्साजोगनंतर पिस्तूल हातात घेतलेल्या, हवेत गोळ्या झाडणाऱ्या मुलांचे व्हिडिओ बातम्यांमध्ये फिरले. त्या मुलांना विचारलं असतं तर त्यांची आवड अगदी खरी होती. दहशत त्यांना मनापासून आवडत होती, तिचे चाहतेही होते. तेव्हा आवड खरी आहे एवढ्यावर विषय चांगला ठरत नाही. खरेपणा ही कसोटी फार तर बोलणाऱ्याच्या मनाबद्दल काही सांगेल. तो ज्याबद्दल बोलतो त्याबद्दल ती काहीच सांगत नाही. सल्ल्याच्या साहित्याला या फरकाशी देणंघेणं नाही, कारण त्याच्या दृष्टीने दोन्ही व्हिडिओंचे तास सारखेच मोजले जातात.

तीन माणसं

आष्टी तालुक्यातले दादासाहेब भगत आता बऱ्याच जणांना ठाऊक आहेत. पुण्यात एका मोठ्या आयटी कंपनीत सफाई आणि पाहुण्यांना पाणी देण्याचं काम करताना त्यांनी ग्राफिक डिझाइन शिकून घेतलं, पुढे टेम्प्लेट तयार करून विकायला सुरुवात केली, लॉकडाउनमध्ये गावी परतल्यावर टेकडीवरच्या गोठ्यात बसून सहकाऱ्यांबरोबर काम केलं, आणि नंतर 'शार्क टँक इंडिया'त जाऊन आले. त्यांच्यावरच्या बहुतेक बातम्यांचं शीर्षक एकच : ऑफिसबॉय ते मालक. गोठ्याचे फोटो सगळीकडे आले. त्या गोठ्यात नेमकं काय तयार होत होतं, हलत्या अक्षरांची, आकृत्यांची लय कशी बांधतात, त्यांचं टेम्प्लेट दुसऱ्यापेक्षा चांगलं कशाने, हे विचारणारा लेख माझ्या वाचनात आला नाही. त्यांनी मुलाखतीत सांगितलेली एक गोष्ट मात्र मला महत्त्वाची वाटते. लहानपणी देवळं रंगवणाऱ्या एका चित्रकाराच्या सहवासात त्यांना चित्रांची गोडी लागली. बातमीतून हा रंगारी गळतो, कारण बातमीला गरिबी आणि यश ही दोन टोकं पुरतात. माझ्या दृष्टीने ती गोष्ट त्या रंगाऱ्यापासून सुरू होते.

आष्टीची हद्द ओलांडली की नगर जिल्हा. तिथल्या सारोळा कासारच्या सुमन धामणे, म्हणजे 'आपली आजी'. त्यांचा नातू यश पाठक याने २०२० च्या सुमारास त्यांचे स्वयंपाकाचे व्हिडिओ टाकायला सुरुवात केली. सुरुवातीची गोष्ट अशी सांगतात की नातवाने पावभाजी मागितली, आजींना ती येत नव्हती, म्हणून त्याने मोबाईलवर कृती दाखवली, आणि ती बघून आजी म्हणाल्या, याच्यापेक्षा चांगलं तर मी करेन. पुढे त्यांची कारल्याची भाजी लाखो लोकांनी पाहिली. मला त्यातलं 'याच्यापेक्षा चांगलं मी करेन' हे वाक्य मोलाचं वाटतं. त्यात आवडीचा शब्दही नाही. आयुष्यभर चूल सांभाळलेल्या बाईला स्वयंपाक आवडतो का, असा प्रश्न कुणी विचारला नव्हता आणि कदाचित तिनेही स्वतःला विचारला नसेल. तिच्याकडे होती ती पारख. समोरचं बरं की वाईट हे तिला हातातून कळत होतं. आवडीपेक्षा पारख हा जास्त विश्वासू पाया आहे, कारण पारख दुसऱ्याच्या कामाकडे बघूनही जागी होते, आणि मूड गेला म्हणून ती जात नाही.

तिसरे कोकणातले प्रसाद गावडे, 'कोकणी रानमाणूस'. इंजिनिअरिंग शिकलेला हा तरुण सिंधुदुर्गातलं रान, तिथलं खाणं, जगणं दाखवतो. 'निसर्ग' हा तसा गर्दीचा नीश. धबधबे दाखवणारे शेकड्याने आहेत. गावड्यांचे व्हिडिओ वेगळे होतात ते त्यांना रान आवडतं म्हणून नव्हे, धबधबेवाल्यांनाही ते आवडतच असेल. ते वेगळे होतात कारण रानावर येणाऱ्या संकटांबद्दल ते बाजू घेऊन बोलतात, बेबंद पर्यटनाविरुद्धही बोलतात, म्हणजे ज्या प्रेक्षकावर चॅनल चालतं त्यालाच सुनावतात. विषयाचं काही बरंवाईट झालं तर आपलं काहीतरी जातं, असं ज्याला वाटतं त्याचा तो विषय. ग्रिनेलच्या पक्ष्याचं झुडपांशी असलेलं नातं हेच होतं. झुडपं गेली तर पक्षी गेला.

पासोडी आणि जातं

अंबाजोगाईत राहून या विषयावर लिहायचं आणि दासोपंतांचं नाव घ्यायचं नाही, हे शक्य नाही. सोळाव्या-सतराव्या शतकातले हे संतकवी (१५५१–१६१५). गीतेवरचा त्यांचा 'गीतार्णव' सव्वा लाख ओव्यांचा सांगितला जातो. आजच्या भाषेत, इतका कंटेंट मराठीत फार थोड्यांनी निर्माण केला असेल. पण त्यांची ख्याती आहे ती पासोडीसाठी. सुमारे चाळीस फूट लांब आणि चार फूट रुंद कापडावर त्यांनी 'पंचीकरण' लिहिलं. पंचमहाभूतांच्या मिश्रणातून सृष्टी कशी होते, हा वेदान्तातला बऱ्यापैकी कोरडा विषय. ही पासोडी अंबाजोगाईत अजून जपलेली आहे. लहानपणापासून मी तिच्याबद्दल ऐकतो, आणि ज्यांच्याकडून ऐकलं त्यांच्यापैकी जवळपास सगळ्यांनी मला तिची लांबी सांगितली. तिच्यावर काय लिहिलं आहे ते सांगणारे दोन की तीन भेटले.

म्हणजे साडेचारशे वर्षांपूर्वीच्या लेखकाचंही तेच झालं. आकार लक्षात राहिला, मजकूर मागे पडला. फरक इतकाच की दासोपंतांनी कापड लांब केलं ते मजकूर तेवढा होता म्हणून. पंचीकरण कुणाला आवडेल, असा रकाना त्यांनी आखला असेल असं वाटत नाही. त्यांना तो विषय सांगितल्याशिवाय राहवत नव्हतं, एवढं त्या कापडाकडे बघून म्हणता येतं.

दुसरं उदाहरण माजलगावचं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी सुरू केलेल्या जात्यावरच्या ओव्यांच्या प्रकल्पात एक लाखाहून जास्त ओव्या गोळा झाल्या, आणि पुढे 'पारी'ने त्या लोकांसमोर आणल्या. त्यात माजलगावच्या भीमनगरमधल्या बायकांनी बाबासाहेबांवर गायलेल्या ओव्या आहेत. जातं हे सक्तीचं काम. पहाटे उठून दळणं ही कुणाची आवड नव्हती. विषयही ठरलेले : माहेर, भाऊ, लेक, राम, विठ्ठल. त्या ठरलेल्या चौकटीत या बायकांनी बाबासाहेब आणले. राम आणि पंढरीसाठी असलेल्या चालीत त्यांनी आपला माणूस बसवला. कुणी त्यांना सांगितलं नव्हतं की हा विषय घ्या, याला स्पर्धा कमी आहे. पुढे विजेच्या गिरण्या आल्या, जाती थांबली, तरी ओव्या त्यांच्या तोंडी राहिल्या. पैसा नाही, प्रेक्षक नाही, कामाची गरजही उरली नाही, तेव्हाही जे राहतं त्याला खरी आवड म्हणायला माझी हरकत नाही. पण ती कळते शेवटी. सुरुवातीला रकाना आखून ती सापडत नाही.

पैशाचं काय?

इथं कुणीही विचारेल, आणि भाचीने विचारलंच, "मामा, तुमचं सगळं खरं, पण घरात पैसे कसे येणार?" प्रश्न रास्त आहे. तिच्या वडिलांचं सोयाबीन यंदा पावसात गेलं. तिला छंद म्हणून चॅनल काढ, असं सांगणं हे पोट भरलेल्या माणसाचं बोलणं झालं असतं.

पण मग निदान व्यवहार नीट सांगायला हवा. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी बालवाडीतल्या मुलांवर एक प्रयोग केला. ज्यांना चित्रं काढायला मुळात आवडत होतं अशा मुलांपैकी काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलं तर बक्षीस मिळेल. बक्षीस मिळालं. काही दिवसांनी पाहिलं तर मोकळ्या वेळात हीच मुलं इतरांपेक्षा कमी चित्रं काढत होती. बक्षिसाने खेळाचं काम झालं. आवडीलाच पोटाचं साधन करायचं तर ही किंमत द्यावी लागू शकते, आणि आठवड्याला दोन व्हिडिओ टाकायचे तर ती लवकर द्यावी लागते. हे कळल्यावरही एखादी म्हणाली की मला चालेल, तर तो तिचा निर्णय. पण 'आवडीचं काम करा, म्हणजे काम कामासारखं वाटणार नाही' असं सांगून तिला त्यात ढकलणं ही फसवणूक आहे. पैशासाठी चॅनल काढायचं असेल तर ते पैशासाठी आहे असं स्वतःला सांगावं, दुकान टाकतो तसं. दुकानदाराला कुणी विचारत नाही की किराणा ही तुझी खरी आवड आहे का. त्यात कमीपणा नाही. आणि मग आपल्याकडे आणखी काही असेल तर ते दुकानाबाहेर सुखरूप राहतं.

डोळा

वही मिटून आम्ही सीताफळं फोडत बसलो. दिवाळीचा तो हंगामच. बालाघाटच्या माळावरची ही सीताफळं, २०१६ मध्ये बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकनही मिळालं. मी म्हटलं, "फोनमध्ये सगळ्यात जास्त काय आहे तुझ्या? सेल्फी सोडून." ती लाजली आणि दाखवलं. तिच्या आजीचे, म्हणजे माझ्या आईचे, पंचवीस-तीस छोटे व्हिडिओ होते. आजी पाटीतली फळं हातात घेऊन वेगळी करते आहे, ही आज, ही उद्या, ही परवा. फळाच्या खवल्यांमधली रेघ रुंदावून पिवळसर झाली की डोळा उघडला म्हणायचं. तसं फळ उतरवून घेतलं तर नीट पिकतं. त्याआधी काढलं तर काळं पडून दगडासारखं राहतं. भाची दोन वर्षं हे काढत होती. आजीचं बरोबर येतं का, म्हणून तिने फळांवर पेनाने तारखाही घातल्या होत्या. "आजी दहात एखादंच चुकती," ती म्हणाली. "आणि चुकलेलं फळ बहुतेक सावलीकडच्या फांदीचं असतं. का ते मला अजून कळलं नाही."

"हे आवडीच्या रकान्यात का नाही लिहिलंस?"

"ह्याला कोण बघणार? आणि दोनच महिने असतं हे. बाकीचे दहा महिने काय टाकू?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. अल्गोरिदमला दोन महिन्यांचा विषय चालत नाही, हे तिचं म्हणणं बरोबर आहे. जिल्हाच हंगामावर चालतो आणि प्लॅटफॉर्म बाराही महिने उघडं असतं, ही अडचण कुठल्याही सल्ल्याने सुटत नाही. मी तिला एवढंच म्हणालो की चॅनल काढायचं तर काढ, मेकअपचं काढ, त्यात काही वाईट नाही. पण सावलीकडच्या फांदीचं कोडं त्या वहीत लिहून ठेव, आणि त्याला कुठल्याही रकान्यात घालू नकोस.

तिने वही उघडून चौथा रकाना आखला. वर काय लिहायचं ते तिला सुचेना, म्हणून मोकळाच ठेवला. मग आजीला हाक मारून विचारलं, की सावलीच्या बाजूचं फळ आधी पिकतं का नंतर. आजी म्हणाली, "आता मला काय माहीत? मी कधी बघितलं नाही तसं. तू बघून सांग."